मालकाच्या परवानगीने

विष्णुपंतांची नोकरी दोन राज्यांत झाली आणि दोन्ही राज्यांत त्यांच्या वाट्याला लिहिणंच आलं. निजामाच्या तहसिलीत ते उर्दूत लिहीत. संस्थान विलीन झालं, पुढं मराठी राज्य आलं, तेव्हा त्यांना वाटलं, आता आपल्याच भाषेत लिहायचं, हात सुटेल. कसचं काय! डोकं उर्दूत विचार करी, हात मराठीत लिही, आणि दोघांच्या ओढाताणीत पंतांची मान दुखे. १९६१ साली ते येडशीच्या बाजूच्या एका गावात ग्रामपंचायतीचे चिटणीस होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते कुणाशी वाकडं न येता सरावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण हुरड्याचे दिवस आले आणि नारायणराव देशमुखांकडे जीपमधून पाहुणे यायला लागले. पोटभर हुरडा खायचा, मग बंदुका घेऊन दिसेल त्या रानात शिरायचं. ससा पळाला, तितर उडालं, की टाक बार. हौस म्हणायची ती! त्या मार्गशीर्षात असाच एक छर्रा कस्तुराबाईच्या बैलाच्या डोळ्यात गेला. कस्तुराबाई विधवा. पाच एकर रान तिच्या नावावर होतं आणि ते ती एकटी कसायची.

ती थेट पंचायतीच्या बैठकीत आली. पदर सावरून दाराशीच उभी राहिली.

"बैलाचा डोळा गेला त्यो गेला," ती म्हणाली. "पर ज्वारीत शिरल्यावर मी कुणाला दिसत न्हाय. आज बैल, उंद्या मी."

मग जी चर्चा झाली ती ऐकून पंतांना जांभया आवरेनात. बंदुकीचं लायसन कलेक्टर देतो, पंचायतीनं त्यात तोंड का घालावं, असं एकाचं म्हणणं. पाहुण्यांच्या बारांनी रानडुकरं पळतात, ही पिकाची राखणच आहे, असं दुसऱ्याचं. त्यावर बब्रुवान नावाचा तरणा सदस्य उसळला. "डुकरं रात्री येत्यात, पाहुणे जेवून दुपारी. त्यांची गाठ तरी कवा पडायची?" सगळे हसले. खुद्द नारायणरावही सदस्य होते, तेही हसले.

"शेत ज्याचं, त्येला इचारल्याबिगर तिथं बंदूक चालवायची न्हाय," बब्रुवान म्हणाला. "लिहा पंत."

तसंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सरकारी दप्तरात असं घरगुती वाक्य लिहायला पंतांचा हात धजेना. त्यांच्या डोक्यात आधी उर्दू उमटलं, मालिक की इजाज़त, आणि वहीत मराठी उतरलं: 'मालकाचे परवानगीशिवाय कोणाही इसमाने खाजगी रानात बंदूक चालवू नये.' पंतांनी ते वाचून दाखवलं. नारायणरावांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

हा हात इतक्या चटकन कसा वर झाला, हे पंतांना दुसऱ्या दिवशी उमगलं. गावात मालक म्हणजे एकच, नारायणराव. मालक उठले, मालक जेवले, मालक गावाला गेले, असंच लहानथोर बोलत. पारावर बसून नारायणराव मिशीत हसत सांगत होते, "आजवर मी पाहुण्यांना नुसतं तोंडी सांगायचो. आता पंचायतीनंच माझ्या परवानगीवर शिक्का मारला."

पंतांनी कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं कागद काळे करून शेवटी हे!

संध्याकाळी कस्तुराबाई आली. ती चिडलेली नव्हती, हेच त्यांना जास्त लागलं.

"पंत, मालकाला इचारायचं असं लिवलं म्हणं तुमी. माझा मालक जाऊन सा वर्सं झाली. त्येला कुठं जाऊन इचारू?"

पुढच्या बैठकीत पंतांनी शब्द बदलायची गोष्ट काढली. "ठराव एकमतानं झालाय," नारायणराव म्हणाले, "बदलायचा तर रीतसर विषय घ्या." सरपंचांनी तो पुढच्या महिन्यावर ढकलला. पुढच्या महिन्यात हुरडा संपणार होता. पंत घरी आले आणि न जेवता आडवे झाले. थकला होता माणूस. आपल्या एका शब्दानं एका बाईच्या जिवाशी खेळ मांडलाय, हे त्यांना पडल्या पडल्याही टोचत राहिलं.

चार दिवसांनी दुपारी निरोप आला, कस्तुराबाईनं रानात बोलावलंय. पंत धापा टाकत पोचले. बांधावर सोलापूरचे एक डॉक्टर बंदूक घेऊन उभे होते आणि त्यांच्यापुढं कस्तुराबाई, हातात खुरपं, वाट अडवून.

"अहो, मालकांची परवानगी आहे माझ्याकडं," डॉक्टर वैतागून म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी पुढं केली. "ते जिल्ह्याला तारखेला गेलेत. जाताना ही लिहून दिली. पण सगळं मोडीत आहे, मला काही वाचता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा या बाईंना."

नारायणरावांचा मोडीचा हात पंतांना चांगला ठाऊक होता. 'पाहुण्यांस मन मानेल तेथे शिकार करू द्यावी. कोणी हरकत घेऊ नये. मालक.'

पंतांनी चष्मा पुसला. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या लिहिण्यातला काना-मात्रा हलवला नव्हता. मग त्यांनी कचेरीच्या संथ सुरात वाचलं:

"रान कस्तुराबाईचे आहे. तिला विचारावे आणि ती म्हणेल तसे करावे."

डॉक्टर भला माणूस होता. "असं होय?" म्हणत त्यानं बंदुकीची नळी खाली केली. पंतांनी चिठ्ठी घडी घालून परत दिली. नारायणराव रात्री परततील, उद्या बोलावणं येईल, पुढची चिठ्ठी बाळबोधीत येईल, हे सगळं त्यांना समोर दिसत होतं. बदली म्हणा, चौकशी म्हणा. म्हातारपणी हेही करायचं राहिलं होतं.

"मग काय बाई," डॉक्टरांनी विचारलं, "तुमची परवानगी आहे का?"

कस्तुराबाईनं आधी पंतांकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं. या रानाबद्दल तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ना सासऱ्यानं, ना नवऱ्यानं.

"न्हाय," ती म्हणाली.