टाकी उंच नाही, मास्तर

मेश्रामकाका कुठंही खुर्चीत बसले की त्यांचा डावा हात आधी बाजूला जायचा आणि हवेत काहीतरी चाचपायचा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी हाताला कुणी कळवली नव्हती. गिअरचा दांडा सापडला नाही की हात निमूटपणे मांडीवर यायचा आणि मग काका बोलायला लागायचे. ते आमच्याकडे चहाला आले की माझी बायको त्यांच्या डाव्या अंगाला मुद्दाम एक स्टूल ठेवायची. काका त्या स्टुलाच्या कडेवर हात ठेवून निवांत चहा प्यायचे.

दारव्ह्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. काका बुटके आणि रुंद बांध्याचे, मी ताडमाड. त्या काळात मला माझ्या उंचीचा फार अभिमान होता. मान ताठ ठेवून चालायचं, समोरच्याच्या डोक्यावरून बघायचं आणि नमस्कार त्यानं आधी करायची वाट पाहायची, असा माझा शिरस्ता होता. मी याला व्यक्तिमत्त्व म्हणत असे. गावात यासाठी दुसरा शब्द होता, तो मला पुष्कळ उशिरा कळला.

काकांचं सगळं उलटं. रस्त्यात हात दाखवणाऱ्या माणसाला सोडून पुढं जाणं त्यांना नोकरीत कधी जमलं नाही. थांबा असो नसो, गाडी उभी राहायचीच. त्यावरून साहेबांची बोलणीही त्यांनी खाल्ली. आतली माणसं कुरकुरली की ते आरशात बघून म्हणायचे, "सरका जी मंधात. तुमीबी असेच चढले होते." आणि कुणी उशीर होतो म्हणून तक्रार केली की, "घाई होती तं काल निघा लागत होतं." हे दुसरं वाक्य पुढं ते रोज सकाळी मला ऐकवायचे, कारण मी रोज सकाळी शाळेला उशिरा निघायचो.

उशिराचं कारण माझी जीप. ती कापसाची वाईट वर्षं होती. पीक आलं तर भाव नाही, आणि भाव निघाला तर पीक अळीनं खाल्लेलं. कापसातली सरकी काढणाऱ्या एकेका जिनिंगचा भोंगा बंद होत गेला. माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप भर दुपारी चौकात नुसते बसलेले दिसायचे. लोक घरातली बैलजोडी बाजारात नेत होते, आणि मी बंद पडलेल्या एका जिनिंगची जुनी, पेट्रोलवर चालणारी जीप घरी आणली. महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या माणसाला अक्कल कमी असली तरी चालतं, असं तेव्हा गावात बोललं गेलं असेल. जीप वयानं माझ्याहून मोठी होती. मी ती रोज शाळेत न्यायचो. शाळा घरापासून इतकी जवळ होती की जीप सुरू होईपर्यंत माणूस चालत जाऊन परत आला असता.

अशा जुन्या जीपची टाकी चालवणाऱ्याच्या बुडाखाली असते. सीट उचलायची, झाकण काढायचं, पेट्रोल भरायचं आणि परत सीट ठेवून त्यावर बसायचं. एका उन्हाळ्यात माझ्या कपड्यांना पेट्रोलचा वास यायला लागला आणि बायकोनं मला चुलीजवळ यायला बंदी केली. टाकी तळातून गंजून गेली होती. वेल्डिंगवाल्यानं तिला हात लावायला साफ नकार दिला. ज्या टाकीत इतकी वर्षं पेट्रोल होतं तिच्यावर ठिणगी पाडायची त्याची तयारी नव्हती. जीपवर ताडपत्री टाकून हा अध्याय संपवावा, असं माझ्या मनात आलं होतं.

तेव्हा काका आले. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता केळापूरकडच्या एका आतल्या गावात दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायची होती. एसटी फाट्यापर्यंतच जायची. पुढचा रस्ता काळ्या मातीचा, पाऊस लागला की तिथं बैलगाडीसुद्धा रुतायची. म्हणून पावसाच्या आत जायला हवं होतं, आणि काकांनी माझी जीप मनात धरली होती. मी म्हणालो की सवारी जीपवाले माझ्या ओळखीचे आहेत, एखाद्याला सांगतो, तो आणून सोडेल. काकांनी स्टुलावरचा हात काढून घेतला.

"मास्तर, या तालुक्यातल्या सगळ्या पोरी सणावाराले म्या माहेरी आणल्या," ते म्हणाले. "माही सुजाता दरवेळेस दुसऱ्या डायवरच्या गाडीत आली. दिवाळीले मले कधी सुट्टीच भेटली नाई. या खेपेले मी आणतो. मीच चालवतो."

म्हणजे दुसरी टाकी शोधणं आलं. दुसऱ्या दिवशी मी जुन्या टाकीची लांबी आणि रुंदी सुतळीनं मोजून घेतली आणि सुतळीला गाठी मारल्या. मी शाळेत गणित शिकवतो. घनफळाला तीन मापं लागतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि विसरणाऱ्याला बाकावर उभं करतो. उंची घ्यायची राहिली.

यवतमाळला भंगाराच्या दुकानात दोन टाक्या मिळाल्या. एक बसकी, कोपऱ्यात थोडी पोचलेली, पण अगदी आमच्याच जातीच्या जीपची. दुसरी कुठल्या गाडीची होती हे दुकानदारालाही सांगता येईना. उंच, काळ्या रंगाची, दिसायला देखणी. दुकानदार म्हणाला, बसकी न्या, बिनबोभाट बसेल. काका मात्र खाली उकिडवे बसले आणि बाजारात बायका माठ वाजवून घेतात तशा दोन्ही टाक्या वाजवू लागले. बसकीवर डावा पंजा ठेवून त्यांनी उजव्या हाताच्या बोटानं टकटक केलं. आवाज बद्द आला. "इले तडा हाये," काकांनी निदान केलं. मग उंच टाकी उभी केली, हात बाजूला घेतला आणि एक टिचकी मारली. ती चांगली घणघणली. दुकानदारानं सांगून पाहिलं की टाकी म्हणजे माठ नव्हे. मी सुतळी काढून दोन्ही टाक्यांना लावली. लांबी-रुंदी दोन्हींची जुळत होती. मग मी, गणिताचा मास्तर, आवाजाच्या बाजूनं निकाल दिला.

टाकी बसवण्याचं काम आमच्या अंगणात झालं, काका खुर्चीत आणि मी जीपखाली. टाकीच्या बुडाशी घालायला काकांनी जिनिंगच्या यंत्राचा जुना रबरी पट्टा कुठून तरी मिळवला होता. त्याचे तुकडे कापून टाकीखाली आणि आवळायच्या लोखंडी पट्ट्यांखाली घालायचे, यावर त्यांचा कटाक्ष होता. "लोखंडावर लोखंड ठेवलं का भांडते," ते वरून सांगायचे. "मंधात कायतरी नरम पाह्यजे. घरातबी तसंच असते." घरातलं नरम कोण, ते त्यांनी सांगितलं नाही, पण भिंतीपलीकडून काकू मोठ्यानं खाकरल्या.

जुन्या लोखंडी पट्ट्या नव्या टाकीला पुरेनात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी गेलो आणि लांब पट्ट्या करून आणल्या. मग सीट बसेना, म्हणून तिच्याखाली सागाचे ठोकळे घातले. नळी जोडली, पेट्रोल ओतलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून सगळी गल्ली ठिबकण्याची वाट बघत बसली. कागद कोरडा राहिला. मी रुबाबात चढून सीटवर बसलो आणि माझं डोकं छताच्या ताडपत्रीला भिडलं. गुडघे स्टिअरिंगला टेकले. मान ताठ ठेवली तर समोर काचेची वरची चौकटच दिसायची, रस्ता बघायचा तर मान खाली घालावी लागायची. काका, टाकी उंच झाली, असं मी म्हणालो. काकांनी खुर्चीतूनच मला खालीवर पाहिलं.

"टाकी उंच नाई, मास्तर. मान उंच हाये तुमची."

गल्ली हसली. मीही हसलो, पण सगळ्यांच्या नंतर.

तिसऱ्या दिवसापासून एक चमत्कार सुरू झाला. मी मान वाकवून जीप चालवायचो, आणि रस्त्यातल्या लोकांना वाटायचं की मास्तर आपल्याला नमस्कार करतात. चहावाल्यानं हात जोडले. सायकलवाला खाली उतरला. चौकात बसलेले पोरांचे बाप, ज्यांच्याशी मी कधी बोललो नव्हतो, ते उठून "काय जी मास्तर" म्हणू लागले. त्यांनी इतक्या मनापासून विचारल्यावर थांबून दोन शब्द बोलणं भाग पडायचं. अशानं मला गावातल्या माणसांची नावं कळली, कुणाच्या घरी काय चाललंय ते कळलं. मी नम्र झालो होतो असं नाही. मला समोरचं दिसत नव्हतं, एवढंच.

सुजाताला आणायला निघालो तेव्हा जाताना मी चालवली. काका म्हणाले होते की येतानाच बसतो. केळापूरच्या आत शिरलो तेव्हा माझ्या मानेत दोरखंडासारखी एक शीर ताठली होती. सुजाता दारातच उभी होती. तिच्या सासूनं चहा दिला आणि तुरीच्या डाळीची भली मोठी पिशवी माझ्या हातात ठेवली. निघायच्या वेळी काका उजवीकडून चढले, सुजाताला शेजारी बसवलं आणि मी पिशवी घेऊन मागच्या बाकावर गेलो.

तिथून मला ते नीट दिसले. पाठ सरळ, नजर थेट रस्त्यावर, डोकं आणि छत यांच्यात वीतभर अंतर. सीट जणू त्यांच्या अंगावर बेतून शिवली होती. जन्मभर एसटीच्या उंच सीटवर बसलेल्या त्या बुटक्या माणसाला बसक्या टाकीवर बसून बॉनेटच्या पलीकडचं काही दिसलंच नसतं. त्यांचा डावा हात सवयीनं बाजूला गेला, आणि त्याला दांडा सापडला. मला भंगाराच्या दुकानातला तो हात आठवला, बसक्या टाकीवर पंजा पसरून ठेवलेला. कुठलंही भांडं असं दाबून धरलं तर बद्दच वाजणार.

त्यांनी जीप इतकी हळू आणि अलगद चालवली की पांढरकवडा येईपर्यंत सुजाताला झोप लागली. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी हात दाखवला. जीप थांबली, आणि काका न वळता म्हणाले, "सरका जी मंधात." या वेळी ते मला होतं. दारव्ह्यात शिरल्यावर त्यांनी जीप घराकडे न नेता आधी स्टँडवर नेली, जिथं त्यांची गाडी लागायची तिथंच उभी केली. जुने सोबती पुढं आले, जय भीम झाले. काका उतरले, वळसा घालून पलीकडे आले आणि लेकीचा हात धरून तिला खाली उतरवलं. तिला पाणी दिलं, परत बसवलं. माझे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, डाळीची पिशवी होती.

घरी आल्यावर मी त्यांना एकटं गाठलं आणि विचारलं की टाकी तुम्ही स्वतःच्या मापानं घेतली ना. त्यांनी नाकारलं नाही.

"तुमाले तं रोज चालवाची हाये, मास्तर," ते म्हणाले. "मले एकदाच."

सुजाताला मुलगी झाली. काकांना ती फार थोडे दिवस मांडीवर घ्यायला मिळाली. दिवाळी झाली आणि एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकू सांगत होत्या की हात बाजूला लोंबत होता. मला ते ऐकवलं नाही. आमच्या घरातलं स्टूल बायकोनं पुढं कितीतरी दिवस जागचं हलवलं नाही.

काही दिवसांनी सुजाताला सासरी पोचवायला मीच निघालो. गावातून जाताना नेहमीप्रमाणे चहावाला उठला, चौकातली माणसं उठली, आणि मी मान वाकवून सगळ्यांसमोरून गेलो. गाव मागं पडलं. मग सुजाता मला म्हणाली, "काका, ते टाकी बदलून टाका ना. मान दुखत असन तुमची." मी म्हणालो की हो, या उन्हाळ्यात बदलतोच, यवतमाळला ती बसकी टाकी अजून पडून आहे. लेकराला पदराखाली घेत ती हसली.

"बाबा म्हणे, मास्तर नाई बदलत टाकी. त्याईले आता लोकायचे नमस्कार आवडून राह्यले."

याला चोख उत्तर द्यावं म्हणून मी मान वर केली, आणि डोकं छताला लागलं.