दहा मिनिटांनी नाक मरतं

कल्पिता वैतीचं स्पष्ट मत होतं, की हल्लीच्या कादंबऱ्यांतले व्हॅम्पायर कामचुकार आहेत. दोनशे वर्षांचं आयुष्य मिळालंय, अंगात दहा माणसांचं बळ आहे, आणि हा बाबा करतो काय, तर कॉलेजात जाऊन मागच्या बाकावर बसतो! त्याच्या भल्यामोठ्या महालात केर कोण काढतं, रक्ताने भरलेले शर्ट कोण धुतं, हे एकही लेखक सांगत नाही. रक्ताचा डाग थंड पाण्यात भिजवायचा असतो, गरम पाणी घातलं की तो कायमचा बसला. पंचवीस वर्षं चारकोपच्या बाजारात मासे कापून विकणाऱ्या बाईला एवढं कळणारच.

कल्पिता बारावीपर्यंत शिकलेली. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पाटीमागे पाय पसरून वाचायला बसायची, आधी वाचनालयातले अनुवाद, मग फोनवर. चेटकिणी, शापित बाहुल्या, पौर्णिमेला लांडगे होणारी माणसं, तिला सगळं चालायचं. लांडग्यांवर मात्र तिची मर्जी नव्हती. "नुसते केस," म्हणायची. माणसाचं रक्त न पिणारा सज्जन व्हॅम्पायर आला की तिचं डोकंच फिरायचं. बारा महिने श्रावण पाळायचा होता, तर मेल्या, पिशाच्च झालास कशाला? गावातल्या भुतांना निदान काहीतरी हवं असतं, नारळ म्हणा, कोंबडा म्हणा. दिलं की विषय संपला. नुसतं प्रेम मागत फिरणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं तिचं म्हणणं. पण बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात शिरत नाही, हा नियम तिला फार आवडायचा. चारकोप गावात दारं उघडीच, कोणीही "जेवलीस काय गो?" करत थेट चुलीपर्यंत येतं. त्यापेक्षा याला रीत तरी आहे, म्हणायची.

हे वेड तिला लावलं तिच्या मुलीने, रुचिकाने. रुचिका मरोळला एका ऑफिसात नोकरी करायची आणि कथांच्या एका अ‍ॅपवर दर शुक्रवारी व्हॅम्पायरच्या मालिकेचा एक भाग टाकायची. नायक रेयांश, वय वर्षं दोनशे चाळीस, राहणार धुक्यातल्या बंगल्यात. वाचणारे हजारो. पण भाग शुक्रवारी जगाला दिसायचा, त्याआधी गुरुवारी संध्याकाळी आईला. मुलगी शिकली, मोठी झाली, आता आईला विचारावं असं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. फक्त गुरुवारी फोन पुढे करून ती विचारायची, "आये, कसं झालंय?" त्या तीन शब्दांसाठी कल्पिता आठवडाभर वाट बघायची. तिला मनापासून आवडायचं ते.

एका गुरुवारी रुचिकाला ऑफिसात उशीर झाला आणि दुसऱ्या दिवशी तिने भाग आईला न दाखवताच अ‍ॅपवर टाकला. कल्पिताने तो दुपारी बाजारात वाचला. त्यात रेयांशला गर्दीतून नायिकेच्या रक्ताचा वास यायचा आणि चार महिने तो त्या वासाने तळमळत होता. कल्पिताला हसूच आलं. आता बाजाराची एक रीत असते. जे सांगायचं ते मोठ्याने, चारचौघांत. कुजबुजलं की गिऱ्हाईकाला वाटतं, माल शिळा आहे. त्याच रीतीने तिने भागाखाली सगळ्यांसमोर लिहिलं:

"बाय, वासाचं चुकलंय. रक्ताचा वास दहा मिनिटं येतो, मग नाक मरतं. तुझ्या बाप्याला दोनशे चाळीस वर्षांत सवय झाली नाही, म्हणजे तो धंद्यात नवीन आहे. तुझी आई, मच्छी मार्केट, चारकोप."

संध्याकाळपर्यंत त्याखाली पाचशे लोक हसून गेले. कोणी लिहिलं, रेयांशला सुरमई द्या. कोणी विचारलं, काकू, बोंबील कसे दिले? कल्पिता खूश. मुलीच्या मालिकेला एवढी गर्दी आपल्यामुळे झाली, असं समजून ती घरी गेली.

रुचिका दारातच उभी होती. "आये, तू वाट लावलीस माझी! ऑफिसात सगळे हसतायत ना!"

"अगो, चांगलं म्हणून हसतायत."

"तुला काय कळतं यार? तुला सगळीकडे मासळीच दिसते!"

त्या शुक्रवारनंतर दोन भाग चुकले. गुरुवार आला तसा गेला. रुचिका डबा घ्यायची, जायची, यायची, जेवायची. विचारल्याला हो-नाही म्हणायची. आपण खोटं काहीच लिहिलं नाही, हे कल्पिताला पक्कं ठाऊक होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. पोरगी पुन्हा कधी फोन पुढे करणार नाही, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा. बाजारात ती उगाच शेजारणीवर खेकसायची.

तिसऱ्या गुरुवारी रुचिकाने फोन तिच्यासमोर ठेवला आणि समोर बसून भाजी निवडायला घेतली.

नव्या भागात रेयांश नव्हताच. एक बाई होती, व्हॅम्पायर, आणि तिची मुलगी मात्र साधी माणूस. बाईला रक्ताचा वास यायचा कधीच थांबला होता. मुलीला शाळेत बक्षीस मिळणार म्हणून ती अंग घासते, हातांना लिंबू चोळते, नवी साडी नेसते आणि मुलीबरोबर बसने निघते. वाटेत मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी चढतात. मुलगी नाकाला रुमाल लावते आणि उठून लांब जाऊन बसते, ही बाई तिची कोणी नसल्यासारखी. बाईला काही कळत नाही. वाटेत तिला शिकार दिसते आणि ती मध्येच उतरून जाते. मुलगी बक्षीस एकटीच घेते.

कल्पिताने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा भरभर आणि दुसऱ्यांदा सावकाश.

"कसं झालंय?" रुचिकाने भाजीतून मान वर न करता विचारलं.

"आजवर लिहिलंस त्यात हे सगळ्यात चांगलं झालंय. दोन ठिकाणी चुकलंय."

"कुठे?"

"रुमाल नव्हता लावलास तू. नुसती उठून गेलीस."

रुचिकाचे हात थांबले.

"आणि त्या बाईला कळलं होतं, गो बाय. म्हणून तर ती उतरली. गिऱ्हाईक भेटलं, हे मी तुला घरी आल्यावर सांगितलं."

रुचिका मान खाली घालून रडायला लागली. कल्पिताने तिच्यापुढची भाजी बाजूला सारली आणि फोन तिच्या हातात दिला.

"तेवढं दुरुस्त कर," ती म्हणाली, "आणि मग टाक."