टकल्याच्या हाताची पिन

मिस्त्रीला दिवसातून एकदा तरी नव्या पिढीवर तोंडसुख घेतल्याशिवाय अन्न पचत नसे. गिऱ्हाईक कोण, विषय काय, याच्याशी देणंघेणं नाही. गाडीचं बॉनेट उघडलं की त्याचं तोंडही उघडायचं. "अहो, चाकातली हवा गेली की ही पोरं काय काढतात? जॅक? छे! फोन काढतात, फोन! आणि रस्त्याच्या कडेला उभी राहतात, कुणीतरी येईल म्हणून. हातांना काय लकवा मारलाय?"

गिऱ्हाइकं माना डोलवायची. न डोलवून करतात काय! आख्ख्या भागात जुन्या गाड्या दुरुस्त करणारे दोघंच उरले होते. एक हा मिस्त्री आणि दुसरा रस्त्याच्या पार त्या टोकाचा टकल्या. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच उस्तादाच्या शिव्या खाऊन तयार झालेले. पुढे कशावरून तरी वाजलं आणि तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कशावरून वाजलं ते दोघांनाही धड आठवत नसेल, पण राग मात्र शाबूत होता.

आता कुणीही विचारेल, की एवढा कळवळा होता तर या शहाण्याने स्वतःच्या पोरीला काय शिकवलं? काय शिकवलं, कप्पाळ! पोरगी लहान असताना एकदा गॅरेजात येऊन तिने पाना उचलला होता. याने फाडकन तिच्या हातावर मारलं, घरी नेलं आणि मोरीत बसवून तिचे हात ब्रशने घासले. पोरगी रडून रडून बेजार. बायको म्हणाली, "अहो, साल निघेल!" तर हा म्हणतो, "निघू दे. हे काळे हात माझ्याबरोबर संपले पाहिजेत."

मग पोरगी शिकली आणि ऑफिसात कंप्युटरसमोर बसू लागली. सुट्टीच्या दिवशी ती कसल्याशा क्लासला जायची. कसला क्लास, ते बापाने कधी विचारलं नाही, पण गिऱ्हाइकांना मात्र छाती फुगवून सांगायचा, "आमची पोरगी अजून शिकतेच आहे!" वर ती रोज ऑफिसला जाण्याआधी गॅरेज उघडून झाडूनही ठेवायची. गुणाची पोर म्हणून मिस्त्री खूश होता.

त्याच्या हातांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. ते कापायचे. बशीत कप खुळखुळायला लागला तेव्हा त्याने बशी घेणंच सोडलं. एकदा तर कप सुटून फुटलाच. बायको काही बोलायच्या आत हा कडाडला, "कसले गुळगुळीत कप बनवतात हल्ली!" तिने काचा गोळा केल्या. पोरगी दारातून बघत होती.

एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांची करड्या रंगाची जुनी गाडी आली. हॉर्न बंद पडला होता. थोड्या दिवसांपूर्वीच तिच्या स्टिअरिंगचं काम मिस्त्रीने केलं होतं. हॉर्न लगेच वाजायला लागला. मग सवयीप्रमाणे तो टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला, आपलंच काम एकदा बघावं म्हणून. आणि बघतो तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

स्टिअरिंगच्या सांध्याचा नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात. दुहेरी तारेची, एवढीशी. घातली की तिची दोन टोकं वळवायची. मिस्त्री दोन्ही टोकं नटाला बिलगून आडवी वळवायचा. टकल्या एक टोक वर बोल्टच्या शेंड्यावर चढवायचा आणि दुसरं खाली दाबायचा. आणि या पिनचं एक टोक वर चढलेलं होतं!

"डॉक्टर! गाडी टकल्याकडे नेली होती?"

"मी? अहो, तुमच्याकडून नेली ती थेट घरी. कुणाचा हात लागलेला नाही."

म्हणजे टकल्या चोरासारखा आपल्या गॅरेजात शिरला! दुसरा अर्थच नाही! मिस्त्रीने पक्कड उचलली आणि डॉक्टरांना तिथेच बाकावर बसवून तो तरातरा निघाला.

टकल्या दारातच चहा पीत बसला होता.

"हरामखोरा, माझ्या कामात हात घालतोस? माझ्या गॅरेजात शिरतोस?"

"हळू बोल," टकल्या म्हणाला. "तुझ्या गॅरेजात मी थुंकायलासुद्धा येणार नाही."

"मग डॉक्टरांच्या गाडीत तुझ्या हाताची पिन कशी आली? माझी पिन काढून तुझी घातलीस!"

टकल्याने पेला खाली ठेवला. आता त्याचाही आवाज चढला. "तुझी पिन? लेका, तू पिन घातलीच नव्हतीस! नुसता नट लावून गाडी देऊन टाकणार होतास!"

"खोटं!" मिस्त्री ओरडला. पण ओरडताना त्याला ती सकाळ आठवली. पिन बोटांतून निसटून जॅकखाली गेली होती. काढू म्हणाला, आणि तेवढ्यात बाकावरच्या गिऱ्हाइकाला हल्लीच्या पोरांबद्दल सांगायला लागला. सांगण्यात रंगला. ती पिन उचलून परत घातल्याचं काही केल्या आठवेना.

"तुला कुणी सांगितलं?"

टकल्याने मान मागे वळवली. "ये गं बाहेर. आलाय तुझा बाप."

आत उभ्या असलेल्या टेम्पोखालून कुणीतरी सरकत बाहेर आलं. कपाळावर ऑइल, हातात पाना. मिस्त्रीची पोरगी.

मिस्त्रीच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो आवरेना. "हा तुझा क्लास? बापाला फसवून या माणसाकडे? जगात दुसरा कुणी मिळाला नाही?"

"तुम्ही शिकवलं असतं तर कशाला आले असते?" पोरगीही काही कमी नव्हती. शेवटी रक्त कुणाचं! "आणि फसवलं म्हणता? रोज सकाळी काय झाडू मारायला येते मी? तुम्ही सैल ठेवलेले नट आवळते मी, बाबा! डॉक्टर त्या गाडीतून नातीला शाळेत सोडतात. स्टिअरिंग नुसतंच हातात राहिलं असतं तर?"

"मला सांगायचं होतंस!"

"सांगून ऐकलं असतंत? स्वतःच्या हातातून कप पडला तर दोष कपाला दिलात! आणि दिवसभर काय तेच ते, पोरांना काही येत नाही, पोरांना काही येत नाही. कुणी येऊ दिलं नाही? पाना उचलला तर हात सोलून काढलेत माझे! अजून राग येतो मला त्याचा."

टकल्या म्हणाला, "मीही आधी हाकललंच होतं तिला. ऐकेना. तुझ्यासारखीच आहे, डोकं खाते."

"तू मध्ये पडू नकोस!" बाप-लेक एकदमच खेकसले.

मिस्त्रीच्या हातातली पक्कड थरथरत होती, आणि ती रागाने थरथरत नव्हती हे तिघांनाही दिसत होतं. त्याने ती पाठीमागे लपवली. "चल," तो म्हणाला. "घरी नाही. गॅरेजात चल."

डॉक्टर बाकावर तसेच बसले होते. त्यांच्याकडे न बघता मिस्त्री गाडीखाली सरकला. "ये इकडे." ती शेजारी येऊन आडवी झाली. त्याने टकल्याची पिन पक्कडीने सरळ करून ओढून फेकून दिली. नवी घेतली आणि भोकापाशी नेली. पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पोरीने उचलली आणि त्याला परत दिली नाही.

त्याने हातातली पक्कड तिच्याकडे सरकवली.

"घाल," तो म्हणाला. "दोन्ही टोकं आडवी. नटाला बिलगून. वर नाही, वर नाही म्हटलं ना! ती त्या टकल्याची खोड आहे."

बाहेरून डॉक्टरांनी कौतुकाने आवाज दिला, "मिस्त्री, पोरगी मदत करते वाटतं? नवलच म्हणायचं, नाहीतर हल्लीच्या पोरांना..."

"डॉक्टर, गप्प बसा! काम चाललंय."

पोरीने टोकं वळवली. "झालं?"

मिस्त्रीने पिनवरून बोट फिरवलं. बोट कापत होतं, पण त्याला सगळं कळत होतं.

"नाही. एक टोक सैल आहे. काढ, आणि दुसरी पिन घे."