वहीतलं पहिलं पान

गल्लीच्या टोकाला दोन खुर्च्यांचं एक पार्लर आहे. त्याच्या मालकिणीला सगळे रंगारी मावशी म्हणतात. ही बाई कंपनीच्या बाटलीतलं क्रीम कुणाच्या तोंडाला थेट लावत नाही. स्टीलच्या वाटीत क्रीम घ्यायचं, त्यात कुटलेली तपकिरी पावडर, सुरीच्या टोकावर मावेल एवढी लाल लिपस्टिक, आणि घोटायचं. मग अर्धा चेहरा रंगवून बाईला दारात उजेडात उभं करायचं. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघतो. रंगवलेला अर्धा कुठला हे त्याने ओळखलं, की मावशी सगळं पुसून पुन्हा घोटायला बसते. जमलं, की प्रमाण वहीत. शिंप्याला या कामगिरीचा फार अभिमान आहे.

हे शहाणपण तिला उशिरा सुचलं. सव्वीस वर्षांपूर्वी नवा नवा कोर्स झाला होता, हात शिवशिवत होते, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरीला मीच नटवणार म्हणून ती हटून बसली. धाकटी चांगली काळीसावळी. बाजारात शेड तीनच: गोरी, जास्त गोरी आणि त्याहून गोरी. मावशीने त्यातल्या त्यात बरी निवडली आणि सढळ हाताने थापली. पिवळ्या दिव्याखाली नवरी झकास दिसली. उन्हात आल्यावर मात्र तिला कुणी राखेत लोळवल्यासारखं दिसायला लागलं. फोटोंचा अल्बम कपाटात गेला तो गेलाच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धाकटीने ताकच सोडलं. येणंजाणं, जेवणंखाणं सगळं होतं, पण बहिणीला पुन्हा चेहऱ्याला हात लावू दिला नाही. मावशीच्या मनात ते सलत राहिलं.

आणि परवा सकाळी धाकटी आपणहून पार्लरात आली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होत होती. शाळेच्या जिन्यापाशी आजवरच्या मुख्याध्यापिकांचे फोटो लावतात, तिचाही लागणार होता. फोटोवाल्याने फोटोत तिला परस्पर उजळ करून टाकलं, आणि वर सांगितलं, तुमचा चेहरा चमकतो, नीट मेकअप करून या, नाहीतर पुन्हा तेच करावं लागेल.

"माझ्या रंगाच्या पोरी रोज तो जिना चढतात," धाकटी म्हणाली. "त्यांना मी दिसले पाहिजे. जमेल तुला?"



त्यात नेमका कंपनीचा विक्रेता बसलेला. आता आमच्याकडे चाळीस शेड आहेत, सगळ्यांसाठी, असं तो मघापासून सांगत होता. त्यातल्या चौतीस दुधापासून दुधाळ चहापर्यंतच्या होत्या; उरलेल्या सहांत बाकीचं सगळं जग. त्याने उत्साहाने एक बाटली उघडून धाकटीच्या जबड्यावर बोट ओढलं. पट्टा राखाडी. धाकटीने आरशात बघितलं आणि पर्स उचलली.

मावशीने तिचा खांदा धरून खाली बसवलं, पट्टा पुसला आणि वाटी घेतली. वही उघडलीसुद्धा नाही. दहा मिनिटं घोटून तिने अर्धा चेहरा रंगवला आणि धाकटीला दारात नेलं.

शिंपी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सुरुवात कधी करणार?"

विक्रेता हसला, मावशी हसली नाही.

धाकटी खुर्चीत परतली. मावशी ब्रश पुसेपर्यंत हाताला चाळा म्हणून तिने वही ओढली. पहिल्याच पानावर तिचं नाव होतं. खाली ओळीने प्रमाणं, एकेक खोडलेलं. उन्हाळ्यात लाल जरा जास्त. बाळंतपणानंतर पिवळट दिसते, जपून. केस पिकले, तपकिरी कमी कर. शेवटची ओळ गेल्या महिन्यातली, ती तेवढी खोडलेली नव्हती.

"मी तर एकदाही बसले नाही इथे," धाकटी म्हणाली.

"जेवायला समोर बसतेस ना. बघून घ्यायचे."

धाकटीचे डोळे भरून आले.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "अर्धा चेहरा राहिलाय अजून."