निळ्या फ्रॉकवालीचा निकाल

आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या बाई टाचण्या ओठांत धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य तुटक, रागावल्यासारखं वाटतं. खरं तर त्यांना रागावलेलं मी कधीच पाहिलं नाही. त्यांची मुलगी वाशीमच्या शाळेत चाकांच्या बुटांवर स्केटिंग करायची. मालेगाव रस्त्यावर मोटारसायकलला अपघात झाला आणि तेव्हापासून ती आतल्या खोलीत पलंगावरच आहे. कमरेखालचं अंग तिला हलवता येत नाही.

परवा मी ब्लाउज आणायला गेले, तेव्हा मशीनला मोबाइल टेकवून बाई, कुणी कसला फ्रॉक घातलाय ते आतल्या मुलीला सांगत, बर्फावरच्या फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा पाहत होत्या. निळ्या फ्रॉकमधली एक परदेशी मुलगी उडी मारताना पडली, उठली आणि पुन्हा पडली. निकाल लागला, तेव्हा तिचं नाव सगळ्यांत खाली होतं.

"आई, त्या निळ्या फ्रॉकवालीचं काय झालं?" आतून मुलीनं विचारलं.

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"पयली आली," त्या म्हणाल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"पडल्याचा आवाज आला होता मले."

"पडली त काय झालं? उठली ना ते."

मग मुलगी म्हणाली, "मंग मले काहून उठता येत नाही, आई?"

बाईंनी मशीन जोरात चालवायला घेतलं. सुईखाली कापड नव्हतं.