लेथवाल्या तात्यासोंचा नियम

तात्यासो मगदूम शिरोलीत माझ्या शेजारच्या शेडमध्ये माझ्यासारखाच लेथ चालवतात. माणसानं संशयी म्हणजे किती असावं? पाणी फडक्यातून गाळतात आणि मग त्या फडक्याकडेही डोळे बारीक करून बघतात. मी चिडवतो त्यांना, पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकावर माझाही विश्वास नाही. आपण सुटा भाग करून द्यायचा. तो पुढं कशाला लागतो, हे आपल्याला कोण सांगतंय?

चातुर्मासात त्यांनी मुनिमहाराजांपुढं नियम घेतला होता, पंचेंद्रिय जीव मारणारी वस्तू घडवणार नाही. माणूस, जनावर, पाखरू, सगळं त्यात आलं. पुढं सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर सारखे ड्रोन दिसू लागले, आणि नेमका तेव्हाच पुण्याचा एकजण ड्रोनच्या मोटरखाली बसणाऱ्या चकत्यांचं काम घेऊन आला.

"पावणं, ह्यानं माणसं मरत्यात का?" तात्यासोंनी तोंडावर विचारलं.

"छे हो काका! शेतात औषध फवारायचे ड्रोन आहेत."

"मग पयला माझ्या रानात उडवून दावायचा."

तसं ठरलं. कुरुंदवाडला त्यांच्या भेंडीवर ड्रोन फिरला, फवारून गेला. तात्यासो इतके खूश की त्यांनी त्या माणसाला जेवू घातलं. मलाच तेवढं ते सगळं फार सरळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रानात गेलो, तात्यासोंच्या घरच्या विजयमालावहिनीही होत्या. भेंडीच्या फुलांखाली मधमाश्या पडल्या होत्या. काहींचे पाय अजून हलत होते. तात्यासोंचा भाऊ पाठीवरच्या पंपानं फवारायचा तेव्हाही हे होत असणार. पण तेव्हा बघायला कोण गेलं होतं?

"अवं, मधमाशी चतुरिंद्रिय, चारच इंद्रियांची," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमचा नियम मोडला न्हाय."

मला हायसं वाटलं. तात्यासो मात्र त्या माश्यांपाशी खाली बसले आणि मला म्हणाले,

"प्रभुलिंग, बाँब टाकणारा तरी येगळं काय करतोय? कुणाचं मरण धरायचं आन् कुणाचं सोडायचं, ते त्योबी आधीच ठरवतोय की."

आज त्यांचं शटर बंद आहे. तो पुण्याचा माणूस तेच चकत्यांचं काम घेऊन सकाळपासून माझ्या शेडमध्ये बसलाय. मी त्याच्यासाठी चहा सांगितलाय.