चाकाच्या हवेचा पिवळा दिवा

बायको गेल्यापासून माझा देवावर राग होता. चौथी शिकलेला माणूस आहे, गोड करून लिहिता येत नाही. आजारपणात ती माहेरच्या देवीला नवस बोलली होती, उठून चालायला लागले की ओटी भरीन. ती उठलीच नाही. तरी शेवटी मला म्हणाली, "ओटी तेवढी पोचवा." काम झालं नाही तर फेडायचं काय, म्हणून मी ओटीचं पातळ कपाटात तसंच ठेवलं. वर्ष भरत आलं तसं मन खायला लागलं.

एका सकाळी मुलाने घरी ठेवलेली गाडी मी काढली. तिचं माहेर नाटे गावाच्या अलीकडे. पावस सोडलं नि समोर पिवळा दिवा लागला, चाकात हवा कमी असल्याचा. मी जन्मभर आंब्याचा टेम्पो चालवला, चाकावर हात मारून हवा सांगतो. एकात कमी होती, ती पंक्चरवाल्याकडे भरली. दिवा तसाच. पुढे दुसऱ्याकडे चारही चाकं मोजून घेतली. हवा बरोबर, दिवा तसाच. तेव्हा वाटलं, हे गाडीचं नाही. वर्षभर देवीला शिव्या घातल्या, आता ती ओटी घेत नाही. सड्यावर, उघड्या कातळमाळावर, गाडी बाजूला घेतली. परत फिरायचं, पातळ कोणाला तरी देऊन टाकायचं, असं ठरवलं. पण गाडी वळवायला हात उठेना. बसून रडलो.

समोरून एक गाडी आली नि थांबली. चालवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची, मागे मासळीचे रिकामे खोके. काचेवर टकटक करून म्हणाली, "काय वो काका, बरं नाय वाटत?"

मी काच खाली करून दिव्याकडे बोट दाखवलं. "देवी येऊ देत नाही."

"देवीला तेवढंच काम हाय? हवा भरलात?"

"दोनदा."

"मग गाडीला सांगितलात?"

"गाडीला काय सांगायचं?"

"हीच हवा बरोबर म्हणून. नायतर ती जुनंच धरून बसते." तिने आत हात घालून स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरलं. दिवा दोन-तीनदा लुकलुकला नि गेला. "इथपर्यंत गाडी चालवलात नि बटणाला घाबरता? जावा आता, देवी वाट बघत असेल."

मी नाव विचारायच्या आत ती गेलीसुद्धा. तिला देवीने पाठवलं की ती आपल्या कामाला चालली होती, मला ठाऊक नाही. दोन्ही खरं असेल. ती नसती तर मी परत फिरलो असतो, एवढं नक्की.

देवळात गुरवाने पातळ नि नारळ देवीपुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला, म्हणजे माझं मागणं देवीला सांगायला, उभा राहिला. "काय मागू?" मी म्हटलं, "काही नको. तिने दिलंय, घे म्हणून सांग." त्याने तिचं नाव घेऊन तेवढंच सांगितलं.

ती बरी का झाली नाही, ते देवीने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरात अजून एकट्याचाच भात शिजतो, तो घशाखाली उतरत नाही. पण निजताना देवीला म्हणतो, बाई, तू ठेवशील तसा राहीन. मग डोळा लागतो. देवी नि ती गाडीवाली, त्या दोघींचे माझ्यावर उपकार आहेत.